सेन्सरला शिव्या घालून काय होणार?

मंडळी, पारावर एक वाक्य रोज कानावर येतं. "जुनी गाडी बरी होती राव, पान्यावर चालायची. आताच्या गाड्यांची सेन्सरने वाट लावली." मला हे आता ऐकवत नाही.

माझ्याच पिकअपचं सांगतो. वाशीला माल टाकून रिकामे क्रेट घेऊन येत होतो. खोपोली सोडली, घाट लागला आणि इंजिनचा दिवा पेटला, गाडीचा दम गेला. वर्कशॉपने तापमानाचा सेन्सर बदलला, बिल घेतलं. आठ दिवसांत दिवा परत. शेवटी एका साध्या वायरिंगवाल्याने बोट दाखवलं: वायर उंदराने कुरतडली होती. आता भाताच्या पेंढ्याच्या गंजीला चिकटून गाडी कोण लावत होतं? मीच.

सेन्सर बिचारा काय करणार? इंजिन तापलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, एवढंच त्याचं काम. वायर तुटली की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन बर्फात आहे. स्कॅनरवर बहुतेक वेळा उणे ४० डिग्री दिसतं. मावळात उणे ४०! तो आकडा बघून तरी आधी वायर तपासायला नको?

आणि सेन्सर नकोत म्हणता, तर लोणावळा ६०० मीटरच्या वर आहे, खोपोलीपेक्षा हवा विरळ. बहुतेक जुन्या पंपांना ते कळायचंच नाही, तेवढंच डिझेल ओतायचे आणि मागे काळा धूर. आता हवेच्या दाबाचा सेन्सर सांगतो, त्या हिशोबाने डिझेल जातं.

बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला. तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या लाईनीत काजळी धरणारा फिल्टर असतो. तो तुंबला की दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक सेन्सर पकडतो. शेत ते कामशेत, पाच किलोमीटर, गाडी बंद. काजळी जळणार कधी? दिवा लागला की हायवेला लांब चालवायची. आपण काय करतो? फिल्टर पोकळ करून सेन्सर "बंद" करून आणतो. धूर आपल्याच पोरांच्या नाकात.

भांडायचं तर कोडसाठी भांडा. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, बिघाडाचा कोड तिथून निघतो. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. सर्किट म्हटलंय, नुसता सेन्सर नाही! पण कोड आपल्याला दाखवतं कोण? २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारींबरोबर शेतीची अवजारंही होती. पण तुमच्या बिलावर कोड आला का? माती परीक्षणाचा कागद न बघता आपण खत टाकतो का? (टाकतो म्हणा, तो विषय वेगळा.)

मी आता पैसे देण्याआधी कोड लिहून मागतो. परवा काउंटरवरचा म्हणाला, "काका, तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

म्हटलं, "तू लिही. कळेल तेव्हा कळेल."

लिहून दिला.