चकाचक करायच्या नादात

आमच्या कॉलनीतल्या कॅप्टन काकांनी परवा माझ्या हातात एक पाईप ठेवला. ओढायला नव्हे हं! बायपासनंतर काकांनी तंबाखू सोडली, त्याला पंधरा वर्षं झाली. 'तू पत्रकार ना? जरा नेटवर बघून सांग, याचं आज काय येईल?' एवढंच त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, नो प्रॉब्लेम काका, दोन दिवसांत सांगतो.

पाईप काळपट आणि खडबडीत होता, झाडाच्या सालीसारखा. मला वाटलं, इतक्या वर्षांचा मळ साचलाय. मोबाइलवर एक 'बिफोर' फोटो काढला आणि पितळी भांड्यांना पॉलिश करणाऱ्या दुकानात गेलो. दहा मिनिटं बफिंगचं चाक फिरलं आणि पाईप आरशासारखा चकाचक! मी जाम खूश. 'आफ्टर' फोटो काढला आणि घरी येऊन रिसर्चला बसलो.

आधी रिसर्च आणि मग काम, हे मास कॉमच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. असो.

तर त्या खडबडीतपणाचा फंडा असा. चांगला पाईप ब्रायरचा असतो. भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीत मोठी गाठ तयार होते, तिचं हे लाकूड. या लाकडात वाढीची वलयं असतात, थोडी कठीण, थोडी मऊ. त्यावर हवेच्या जोराने वाळूचा मारा केला की मऊ भाग झडतो आणि कठीण भाग कंगोऱ्यांसारखा उठून राहतो. हेच सँडब्लास्टिंग. आता वाळूऐवजी बरेचदा काचेचे बारीक मणी वापरतात, पण तत्त्व तेच. थोडक्यात, मी ज्याला मळ समजलो तीच खरी कारागिरी होती. वाट लागली!

लंडनच्या आल्फ्रेड डनहिल यांनी 1917 मध्ये याच पद्धतीचं पेटंट मागितलं आणि त्या पाईपला नाव दिलं 'शेल'. काकांचा पाईप तोच. नळीवरचा पांढरा ठिपका ही डनहिलची खूण. पाईप तोंडात धरताना नळीची वरची बाजू कोणती, ते कळावं म्हणून तो आला आणि पुढे स्टेटस सिम्बॉल झाला.

आता ग्रेडिंग. आपल्या अप्रेझलसारखंच आहे, म्हणजे सगळ्यांना लागू होईल असा एकच नियम नाही. प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत. काकांच्या पाईपवर गोलात 4 आणि शेजारी एस असा ठसा होता. मला वाटलं, सहापैकी चार, म्हणजे फर्स्ट क्लास! पण डनहिलचा तो 1 ते 6 आकडा दर्जाचा नाहीच, साइजचा आहे. एस म्हणजे शेल. नवखे लोक इथेच फसतात.

दर्जा कलेक्टर मंडळी डोळ्यांनी आणि बोटांनी ठरवतात. कंगोरे किती खोल आहेत? वलयं सलग बाऊलभोवती फिरतात की मध्येच विरतात? दोन वलयांमधलं अंतर सारखं आहे का? अशा रेखीव वलयांना 'रिंग ग्रेन' म्हणतात आणि त्यांचा भाव सगळ्यात वरचा. पृष्ठभाग नुसता हत्याराने टोकरून खडबडीत केला असेल, तर ते वेगळं काम, त्याला 'रस्टिकेटेड' म्हणतात. जाणकार दोन्हींत गल्लत करत नाहीत.

एकाच कारागिराचा गुळगुळीत पाईप साधारणपणे सँडब्लास्टपेक्षा महाग असतो. कारण निर्दोष लाकूड दुर्मीळ, आणि वरवरचे खड्डे ब्लास्टिंगमध्ये निघून जातात. पण ब्लास्ट अप्रतिम असेल तर हे गणित उलटतं. अमेरिकेत व्हरमाँटचे जे. टी. कुक तर त्यांच्या खोल ब्लास्टसाठीच ओळखले जातात. डनहिलमध्ये 1920 आणि 30च्या दशकातले, खोल, ओबडधोबड कंगोऱ्यांचे शेल लोक शोधत फिरतात. 1960 नंतरचे त्या मानाने उथळ समजले जातात.

यानंतर येते कंडिशन. ठसा स्पष्ट हवा, नळी मूळची हवी, बाऊलची कड जळलेली नको. आणि बफिंग? अजिबात नको! त्याने कंगोरे झिजतात, ठसा पुसट होतो. ठशातलं एक छोटं अक्षर गेलं तरी पाईपची जन्मतारीख जाते. माझ्या 'बिफोर' फोटोत 'इंग्लंड'च्या शेवटी बारीक 8 दिसत होता. या ठशांच्या हिशेबात तो 1968. 'आफ्टर' फोटोत तिथे नुसती चमक होती.

रात्रभर झोप नाही. सकाळी काकांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत. पाईप हातात घेऊन अंगठा फिरवत राहिले.

'इथे अंगठा अडकायचा,' ते म्हणाले. 'रात्रीच्या वॉचला जहाजावर चार तास उभं राहायचं. पाईप विझलेला असायचा, पण अंगठा फिरत राहायचा.' 1969 साली लंडनला पहिल्या सफरीत, साठवलेल्या पगारातून त्यांनी तो घेतला होता. म्हणजे वर्षभर तो तिथल्या दुकानातच कुणाची तरी वाट बघत होता.

'सॉरी काका, विकायचा होता ना?'

'छे रे. नातवाला द्यायचा होता. म्हातारा गेल्यावर ही पोरं भंगारात टाकतात. किंमत सांगितली की जपून ठेवतात, म्हणून विचारलं.'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तो 'बिफोर' फोटो मोठा करून प्रिंट काढला. मागे लिहिलं: डनहिल शेल, साइज चार, बनला 1968, घेतला 1969, लंडन. खाली काकांकडून अंगठ्याची ती गोष्ट त्यांच्याच अक्षरात लिहून घेतली. पाईपच्या डबीत आता तो कागद आहे. कलेक्टर त्याचे एक पैसा जास्त देणार नाही, हे मला माहीत आहे. आजचा भाव मी काकांना सांगितला नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारला नाही.

तुमच्या घरच्या कपाटात कुणाचा असा पाईप निघाला तर प्लीज, एकच करा. मऊ कोरड्या कपड्याने हलकेच पुसा आणि ज्याचा आहे त्याला आधी विचारा.