दुसरा हात वर करा

ग्रामसभा असते. ठराव वाचून न दाखवताच रजिस्टर फिरतं, कुणीतरी म्हणतं 'करा सह्या', आणि आपण करतो. कुरकुर मग घरी. एखादाच उठून विचारतो, तेव्हा आपण म्हणतो, त्याच्यात धमक आहे बुवा. धमक जन्मजात असते, ही समजूत आधी सोडा.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघा. चारपाचशे वस्तीचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. तिथं बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. एकाला पटलं नाही तरी विषय थांबतो, पुन्हा बोलणं होतं. अशानं कामं कशी व्हायची? झाली की! 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी वनखातं बांबूला लाकूडच म्हणत राहिलं, वाहतूक पास देईना. गाव हटलं नाही. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं. गावचे पुढारी देवाजी तोफा खंबीर खरेच. पण त्यांच्या पाठीशी अभ्यासगटात बसून एकेक मुद्दा घोळवलेलं गाव होतं. आपल्या माणसांत 'मला पटत नाही' म्हणायची सवय असली, की साहेबापुढे जीभ अडखळत नाही.

सोबतीनं काय होतं, हे एका प्रयोगातही दिसलं. अमेरिकेत 1950 च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी एकेकाला गटात बसवून रेघांची लांबी ओळखायला लावली. बाकीचे सगळे शिकवून ठेवलेले, मुद्दाम चुकीचं सांगणारे. डोळ्यांना दिसत असूनही लोकांची साधारण एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे गेली. पण एकच जण खरं बोलणारा सोबत दिला, की हे वाहवत जाणं एकदम उतरलं.

म्हणून पहिला हात वर करणं जमत नसेल, तर राहू द्या. दुसरा करा. 'ती बरोबर विचारते, ठराव वाचा' एवढं पुरे. बचत गटातल्या दोघीतिघींनी आदल्या रात्रीच ठरवून घ्या. कोऱ्या पानावर सही नाही म्हणजे नाही. ठराव मोठ्यानं वाचायला लावा. गोंडी-माडिया बोलणाऱ्यांना त्यांच्या बोलीत सांगायला लावा. सहीनंतर पानाचा मोबाइलवर फोटो काढा, चिडले तरी काढा.

याहून अवघड पुढचं आहे. उद्या ठराव आपल्याच बाजूचा असेल, आणि मागून एखादी पोरगी 'मला नाही पटत' म्हणेल. तेव्हा 'बस खाली' म्हणू नका. तिचं म्हणणं संपेपर्यंत रजिस्टर मिटून ठेवा.