एक्स-रे नॉर्मल, मग धाप का लागते?

“डॉक्टर, एक्स-रे नॉर्मल आहे, तरी जिना चढताना धाप लागते.” भोसरी-चाकण पट्ट्यात फौंड्रीत काम करणारे पेशंट असे सांगतात, तेव्हा त्यांना आळशी ठरवू नये. एक्स-रे फुफ्फुसाचे चित्र दाखवतो. प्राणवायू रक्तात नीट उतरतो की नाही, हे दाखवत नाही.

ते दाखवणारे तंत्र आता निघाले आहे. साधा एमआरआय शरीरातील पाण्यावर चालतो. फुफ्फुसात बहुतांशी हवाच, त्यामुळे ते काळे दिसते. नव्या पद्धतीत विशेष प्रक्रिया केलेला झेनॉन वायू श्वासावाटे देऊन काही सेकंद दम धरायला सांगतात. हा वायू वायुकोशांच्या पडद्यातून तांबड्या पेशींत शिरतो. हवेत, पडद्यात व रक्तात त्याचे संकेत निरनिराळे येतात. वाट कोठे अडली ते कळते. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये या वायूला मान्यता मिळाली, तीही हवा कोठवर पोचते हे पाहण्यापुरती.

पण त्या यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. स्पायरोमेट्री आणि डीएलसीओ या श्वासाच्या तपासण्या पुण्यात होतात. वाळूच्या बारीक धुळीने होणारा सिलिकॉसिस बरा होत नाही. लवकर कळला तर माणसाला धुळीतून बाहेर काढता येते. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून हा आजार सरकारला कळवणे बंधनकारक आहे. म्हणून धुळीत राबणाऱ्यांच्या वार्षिक तपासणीत केवळ एक्स-रेवर भागवू नये. आणि कामगार बंधूंनो, डॉक्टरांना आधी आपले काम सांगा, मग दुखणे.