वैरणीच्या राखेचा हिशेब

"गव्हाण हिरवीगार असली की जनावराला काही कमी पडत नाही. खनिज मिश्रण वगैरे कंपन्यांचं खूळ. आमच्या आजोबांनी कधी पावडर घातली होती?" दूध डेअरीच्या ओट्यावर हे रोज ऐकायला मिळतं. मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. आजोबांच्या गाई खनिज मिश्रणाच्या पिशवीवाचूनच व्याल्या, त्यांच्या कालवडी वाढल्या.

पण आजोबांची गाय दूध किती द्यायची? लिटरभर दुधातून साधारण 1.2 ग्रॅम कॅल्शियम आणि ग्रॅमभर फॉस्फरस बाहेर जातो. दोन लिटर देणाऱ्या गाईचे अडीच ग्रॅम कॅल्शियम जायचे. पंधरा लिटरवाल्या संकरित गाईचे रोज अठरा ग्रॅम जातात. शिवाय ती जुनी गाय दिवसभर हिंडून गवत, रानवेली, बाभळीच्या शेंगा वेचून खायची. आजची दावणीला आहे. पुढ्यात पडेल तेच तिचं.

आणि पुढ्यात काय पडतं? गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे उसाचं वाढं. हिरवं खरं, पण त्यात ऑक्झलेट भरपूर. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि बरंचसं शेणावाटे जातं. म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतात. हत्तीघासातही ऑक्झलेट असतंच. हिरव्या रंगावरून यातलं काही कळत नाही.

बरं, खनिजं राखेत उरतात म्हणून चारा जाळून राख मोजली तर? तीही फसवते. भाताच्या पेंढ्याची राख भरपूर निघते, पण तिच्यातला मोठा वाटा सिलिकाचा. गाईच्या हाडाला त्याचा काय उपयोग? फॉस्फरस त्यात नावालाच.

फॉस्फरस कमी पडला की गाय चपला, चिंध्या, हाडकं चघळू लागते. आपण तिला खोड म्हणतो. दक्षिण आफ्रिकेत आर्नॉल्ड थायलर यांनी 1920च्या सुमारास या खोडीचं मूळ दाखवून दिलं. तिथल्या माळाच्या गवतात फॉस्फरस कमी, म्हणून गुरं मेलेल्या जनावरांची हाडं चघळायची आणि त्यांतल्या विषाने मरायची. हाडांचा चुरा चारल्यावर ही हाव ओसरली. ती गुरं मोकळ्या माळावर चरणारीच होती, हे आजोबांचा दाखला देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

मग पिशवीवाल्यांचं खरं का? त्यांचंही अर्धंच. "कॅल्शियम दोन मुठी जास्तच घाला" हा सल्ला गाभण गाईच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंगाशी येतो. बाहेरून आयतं मिळत राहिलं की हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते. गाय विते, चीक उतरतो, रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने घसरतं. सकाळी पाहावं तर गाय बसलेली, मान कुशीकडे वळलेली, कान गार. नाव दुग्धज्वर, पण अंगात ताप नसतो. विण्याआधीच्या त्या आठवड्यांत लसूणघासाचे भारेही आवरते घ्यायला हवेत, कारण त्यातही कॅल्शियम भरपूर.

तेव्हा हिशेब आधी वैरणीचा करावा. एका किलो सुक्या लसूणघासात बारा-पंधरा ग्रॅम कॅल्शियम असतं. मक्यात त्याहून कितीतरी कमी. म्हणून मका-ज्वारीसोबत चवळी किंवा लसूणघास हवा. लसूणघासात फॉस्फरस बेताचा, तो गव्हाच्या कोंड्यातून आणि पेंडीतून भरून निघतो. चारा फुलोऱ्यात कापावा. जून झाला की त्यातली खनिजंही उतरतात. वाढ्याची सवय हळूहळू लावावी, म्हणजे पोटातले जंतू ऑक्झलेट फोडायला सरावतात.

एवढं करून जी तूट राहील, तिच्यापुरतं खनिज मिश्रण. ही तूट गावागणिक बदलते, कारण माती बदलते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने भागाभागातला चारा तपासून त्या-त्या भागासाठी वेगळी मिश्रणं सुचवली, ती याचसाठी. पिशवी घ्यायच्या आधी विक्रेत्याला एवढंच विचारावं: आमच्या वैरणीत नेमकं काय कमी आहे म्हणून ही घ्यायची?