कलावंत वर्गणीदाराचे काय देणे लागतो?

कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात शिरणारा माणूस प्रथम खांबांवरची झिजलेली चित्रे पाहतो आणि बहुधा तेवढेच पाहून परततो. त्याच खांबांवर ब्राह्मी अक्षरेही आहेत. एका खांबाचे दान प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, गंधिक कुळातील मितदेवाचे आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. दुसऱ्या एका खांबाचे दान संघकाच्या पुत्रांचे, तेही प्रतिष्ठानचेच. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर वासिष्ठीपुत्र कटहादीचे नाव आहे. त्याने केवळ ‘घरमुख’ दिले, आतले लेणे नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर खांबागणिक दाते बदलतात आणि त्यांत धेनुकाकटाचे यवनही आहेत.

दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे क्राउडफंडिंग होते, असे म्हणून येथे टाळ्या घेता येतील. मला ते विधान अपुरे वाटते. पैसे अनेकांनी मिळून दिले एवढ्याने साम्य सिद्ध होत नाही. मितदेवाने दिले ते पुण्यासाठी. त्याला घरपोच काही यायचे नव्हते. आज एखाद्या चित्रकाराच्या, माहितीपटकाराच्या किंवा गायिकेच्या प्रकल्पाला आपण ८०० रुपये देतो तेव्हा पुण्याची भाषा कोणी करत नाही. स्वाक्षरी केलेली प्रत, पुस्तकाच्या शेवटी नाव, मूळ रेखाटनाची छापील नक्कल असे काहीतरी ठरलेले असते आणि त्यापुढे एक महिनाही लिहिलेला असतो. मग तो महिना उलटतो. या धाग्याचा विषय तो महिना उलटल्यानंतरचा काळ हा आहे.

प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. गारखेड्यात सूतगिरणी चौकाच्या अलीकडे आम्ही पाच विद्यार्थी एकत्र राहतो. मराठवाड्यातील जुन्या वाड्यांच्या रेखाचित्रांचे एक पुस्तक निघणार होते. काढणारा एकटा चित्रकार, पाठीशी प्रकाशक नाही. आम्ही प्रत्येकी ८०० रुपये भरले. पुस्तक दिवाळीपर्यंत येणार होते. त्यानंतर दुसरी दिवाळीही झाली. मागील सात महिन्यांत त्या कलावंताकडून एक ओळही आलेली नाही. आमच्या खोलीत यावरून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, ही सरळ फसवणूक आहे, नाव घेऊन जाहीर लिहा. दुसरा म्हणतो, कलेला दिलेले पैसे परत मागायचे नसतात, ते दान समजावे. पाचांत असे दोन तट असतील, तर ज्या शेकडो जणांनी पैसे भरले त्यांच्यात किती असतील!

माझ्या मते दोन्ही तट चुकतात आणि चूक एकाच ठिकाणी होते. पहिला स्वतःला ग्राहक समजतो, दुसरा दाता. या दोहोंहून निराळा असा तिसरा माणूस मराठी समाजाला शतकभराहून अधिक काळ ठाऊक आहे. त्याला आपण वर्गणीदार म्हणतो. आगाऊ वर्गणी भरणारा माणूस तयार वस्तू विकत घेत नाही, कारण ती अस्तित्वातच नसते. तो पैसे सोडूनही देत नाही, कारण त्याच्या हाती पावती असते. तो एका कामाच्या अनिश्चिततेत आपला वाटा उचलतो. त्या वाट्याच्या बदल्यात त्याला काय मिळावयास हवे, हे ठरवण्यासाठी तीन-चार जुनी उदाहरणे तपासणे उपयोगाचे आहे.

प्रथम एक परदेशी उदाहरण, कारण विलंबाचा तो बहुधा सर्वांत प्रसिद्ध नमुना आहे. इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन याने १७५६ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांच्या संपादित आवृत्तीसाठी वर्गणीदार गोळा केले. पुढच्या वर्षाअखेर ग्रंथ देण्याचे वचन होते. ग्रंथ आला १७६५ मध्ये. मधल्या काळात एका कवीने त्याची जाहीर टिंगल केली, आणि ती बोचल्यावरच काम हलले असे म्हणतात. वर्गणीदारांची यादी हरवली आणि पैसेही खर्च झाले, हे जॉन्सनने पुढे स्वतःच सांगितले. ग्रंथ उत्तम निघाला म्हणून इतिहासाने त्याला क्षमा केली. पण वर्गणीदाराने क्षमा करण्याचा संबंध ग्रंथाच्या गुणवत्तेशी नसतो. आठ वर्षे त्याला अंधारात ठेवणे हा दोष ग्रंथाच्या उत्तमपणाने धुतला जात नाही.

आता आपल्याकडे या. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून, कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि त्यांनी मराठीत ज्ञानकोश करण्याचे मनावर घेतले. सरकार पाठीशी नाही, विद्यापीठ पाठीशी नाही. नागपुरात ज्ञानकोश मंडळ नावाची मर्यादित कंपनी काढून त्यांनी भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि त्यासाठी गावोगाव पायपीट केली. पुढे कार्यालय पुण्यास आले आणि १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड बाहेर पडले. एवढे आपण शाळेतही वाचतो. मला या साऱ्यात अधिक महत्त्वाचे वाटते ते १९२७ मधले एक पुस्तक. त्याचे नाव ‘माझे बारा वर्षांचे काम’, आणि उपशीर्षकात ज्ञानकोश मंडळाचा इतिहास असे म्हटले आहे. केतकरांनी कोश तर दिलाच. शिवाय तो कसा झाला आणि बारा वर्षे कशी गेली, याची स्वतंत्र कैफियत छापून दिली. केतकर स्वभावाने नम्र नव्हते, त्यांच्या मतांवर वादही पुष्कळ झाले. तरीही लोकांच्या पैशावर उभ्या केलेल्या कामाचा जाब लोकांना द्यायचा असतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

त्याच पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू केले. या कामासाठी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपये देऊ केले होते. ते स्वतः चित्रकार, आणि आवृत्ती सचित्र असावी ही त्यांची हौस. आवृत्ती पूर्ण झाली १९६६ मध्ये. प्रमुख संपादक वि. सी. सुखटणकर १९४३ मध्येच गेले होते, बाळासाहेब १९५१ मध्ये. म्हणजे दाता आणि संपादक दोघांनीही पूर्ण काम पाहिले नाही. येथे कोणी कोणाला फसवले असे आपण म्हणू का? मुळीच नाही, कारण भाग एकामागून एक छापून बाहेर पडत होते आणि काम कोठवर आले आहे हे कोणालाही पाहता येत होते. ४७ वर्षांचा विलंब लोकांना सोसला. सात महिन्यांचे मौन मला सोसत नाही, आणि त्यात मला विसंगती दिसत नाही.

ज्या उदाहरणाने माझे मत पक्के झाले, ते मात्र या दोहोंहून वेगळे आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. वाचक गरीब होते आणि जाहिराती मिळणे दुरापास्त होते. आधीच्या ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते, तरी ते पत्र टिकले नव्हते. नव्या पत्राचे बहुतेक रकाने बाबासाहेब एकहाती लिहीत होते. १९२८ च्या प्रारंभी त्यांनी एक अग्रलेख लिहिला. बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असा त्याचा मथळाच प्रश्नार्थक आहे. पत्राची हलाखी त्यांनी वाचकांपुढे उघड मांडली आणि हे कर्ज एकट्या संपादकाचे की ज्यांच्यासाठी पत्र चालते त्या समाजाचे, असा प्रश्न केला. पुढे १९२९ च्या नोव्हेंबरात पत्र बंद पडलेच.

या अग्रलेखाचे मोल आजच्या कलावंताला कळावे असे फार वाटते. पैसे संपले, मी थकलो आहे, काम अडले आहे, हे सांगण्यात अपमान मानण्याचे कारण नाही. उलट, ते सांगितल्यावरच ऋण सामायिक होते. न सांगितलेली अडचण ही कलावंताची एकट्याची राहते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती अडचण व लबाडी यांत फरक करता येत नाही.

फरक करणे का आवश्यक आहे, याला आकड्यांचाही आधार आहे. अमेरिकेतील अभ्यासक इथन मॉलिक यांनी किकस्टार्टर या संकेतस्थळावरील प्रकल्पांचा अभ्यास करून २०१४ मध्ये दाखवले की, यशस्वीरीत्या पैसे उभारलेल्या प्रकल्पांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक प्रकल्प ठरल्या तारखेनंतर पूर्ण होतात. २०१५ च्या पाहणीत, कबूल केलेली वस्तू मुळीच न देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ९ टक्के निघाले. उशीर हा या व्यवहाराचा नियम आहे आणि बुडवणे हा अपवाद. त्यामुळे तारीख उलटताच चोर म्हणणारा बहुतेक वेळा अन्याय करतो. त्याच संकेतस्थळाच्या अटींत, काम तडीस जाणार नसेल तर काय झाले ते कळवावे, पैसा कोठे गेला ते दाखवावे आणि उरलेला परत देऊ करावा, असे कलावंतावर बंधन आहे. अट चांगली आहे, पण तिची अंमलबजावणी बव्हंशी कलावंताच्या सद्बुद्धीवर सोडलेली आहे; संकेतस्थळ स्वतःचे कमिशन आधीच कापून घेते.

शिवाय उशिराची कारणे बहुधा अगदी क्षुद्र असतात. कागदाचा भाव चढतो. रंगीत छपाईचा पहिला नमुना बिघडतो. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुक पोस्टची सवलतीची सेवा बंद केली, तेव्हा लहान प्रकाशकांचे टपालखर्चाचे गणित एका रात्रीत कोलमडले. ज्याने आधीच ‘टपालखर्चासह’ म्हणून पैसे घेतले होते, त्याने काय करावे? एकट्या माणसाला चित्रे काढणे जमते म्हणून पाचशे पाकिटे बांधणे, पत्ते तपासणे आणि परत आलेली पाकिटे पुन्हा पाठवणे जमेलच असे नाही. हे सारे मला समजते, म्हणजे सांगितले तर समजते.

काम अर्धवट राहणे म्हणजेच लबाडी, असे मानणाऱ्यांनी एकदा अजिंठ्याचे चोविसावे लेणे पाहावे. पूर्ण झाले असते तर ते तेथील सर्वांत मोठ्या विहारांत गणले गेले असते. आज त्यात अर्धवट कोरलेले खांब आणि न सोडवलेला कातळ आहे. वॉल्टर स्पिंक यांच्या मांडणीनुसार वाकाटक सम्राट हरिषेण इ. स. ४७७ च्या सुमारास मरण पावला आणि आश्रयदात्यांची घडी विस्कटली. निदान बुद्धमूर्ती तरी प्रतिष्ठित व्हावी म्हणून प्रत्येकाची धावपळ उडाली, मग तीही थांबली आणि दुसऱ्याच लोकांनी सापडेल त्या भिंतीवर आपापल्या लहान मूर्ती घुसवल्या. स्पिंक यांचा कालक्रम सर्वांना मान्य नाही. वर्षांचा हिशोब इतका नेमका देता येतो का, याची शंका मलाही आहे. परंतु काम अचानक थांबले हे त्या कातळातच दिसते. त्या लेण्यासाठी पैसा पुरवणाऱ्याला छिन्नी धरणाऱ्यांनी फसवले असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

तेव्हा माझे म्हणणे असे. वर्गणीदाराला पहिले देणे लागते ते वृत्तांताचे, दुसरे हिशोबाचे, आणि वस्तूचे त्यानंतर. हा क्रम उलटा वाटेल, पण वस्तू कलावंताच्या पूर्णपणे हातात नसते, वृत्तांत आणि हिशोब असतात. आपल्या गल्लीतले गणेश मंडळ पन्नास रुपयांची पावती फाडते आणि वर्षाअखेर अहवालात जमाखर्च छापते. मंडळाच्या कार्यकर्त्याला जे जमते, ते कलावंताला का जमू नये? कलावंत हा व्यवहारी नसतो, ही समजूत कलावंतांनीच सोयीने पसरवली असावी असा माझा संशय आहे. पितळखोऱ्याला जो यक्ष सापडला, त्याच्या हातावर तो घडवणाऱ्याचे नाव आहे. कृष्णदास, व्यवसायाने सोनार. स्वतःच्या नावाने केलेल्या कामाची जबाबदारी घेणारा माणूस आपल्या भूमीला नवा नाही.

वर्गणीदाराकडेही काही देणे असते, हे येथे सांगितले पाहिजे. प्रकल्पाचे पान नीट वाचणे, पूर्वीचे काम पाहणे, आणि उशीर झाल्यावर खाजगीत एकदा विचारल्यावाचून चव्हाट्यावर न जाणे. शंभर जण एकाच वेळी शिव्या देऊ लागले की कलावंताचे तोंड आणखी बंद होते, आणि मग ज्या मौनावर आपण चिडलो तेच आपण लांबवतो.

आमच्या खोलीतल्या वादाचा निकाल तूर्त असा लागला आहे. आम्ही त्या चित्रकाराला एक पत्र लिहिले. पुस्तक कधी, हे त्यात विचारलेले नाही. किती पाने झाली, किती पैसे शिल्लक आहेत, छपाईला आणखी किती लागतील, आणि काम सोडायचे झाल्यास झालेली रेखाटने वर्गणीदारांना निदान पाहण्यास मिळतील का, एवढे चारच प्रश्न आहेत. टपालखर्च वेगळा द्यावा लागणार असेल तर आमची तयारी आहे, हेही लिहिले. उत्तराला एक महिन्याची मुदत दिली आहे. चौघांनी सह्या केल्या. पाचव्याने केली नाही. त्याच्या मते हिशोब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे. त्याच्याशी वाद अजून चालू आहे.