अज्ञानाची शपथ

बाप्तिस्मा कोणत्या वयात व्हावा, हा ख्रिस्ती मंडळींच्या घरगुती वादाचा विषय. सर्वसाधारण मराठी वाचकास त्याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु न बोलणाऱ्या मुलाच्या वतीने आईबापांनी कोठवर बोलावे, हा त्या वादाचा गाभा आहे, आणि तो प्रश्न एकट्या ख्रिस्ती माणसाचा नाही. यास्तव हे चार शब्द.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिचा बाप्तिस्मा झालेला नाही, आणि तो आम्ही उभयतांनी विचारपूर्वक करविलेला नाही. नगरला माझी आई असते. दर नाताळास तिचा एकच प्रश्न असतो : "पोरीला अजून देवळात नेली नाहीस का रे?" तिचा राग मला समजतो. आमच्या घरात चार पिढ्या बाप्तिस्मे तान्हेपणीच झाले. माझा झाला तेव्हा मी चाळीस दिवसांचा होतो. उलटपक्षी, येथे कोलकात्यास एक स्नेही मला सांगतात की, तुझा तो बाप्तिस्मा मुळात झालाच नाही. तू पुन्हा पाण्यात उतर. आईच्या मते मी मुलीचे देणे चुकवितो आहे, स्नेह्यांच्या मते स्वतःचे. मला दोघांचेही म्हणणे मान्य नाही.

कचेरीत माझे काम सेवापुस्तके व नामनिर्देशनाचे अर्ज तपासण्याचे. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील व्यक्तीस 'अज्ञान' म्हणतात. अज्ञानाच्या वतीने पालक सही करतो. परंतु मूल सज्ञान झाले की बँकसुद्धा त्याची नवी सही मागते. चार रुपयांच्या खात्याविषयी जी दक्षता आपण बाळगतो, ती आत्म्याच्या खात्याविषयी का नको? बाप्तिस्म्यात पाणी असते तशी शपथही असते : पापाचा त्याग करीन, प्रभूस अनुसरेन. ही शपथ तान्ह्या मुलाच्या वतीने आईबाप किंवा धर्ममातापिता उच्चारतात. ज्याला ती पाळावयाची आहे, तो त्या वेळी बहुधा झोपलेला असतो.

हे म्हणणे नव्या काळाचे खूळ नव्हे. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुल्यनाने लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई नको असे लिहिले. त्याअर्थी ती चाल तेव्हा होती, आणि तिच्याविषयी वादही होता. पुढे पन्नासएक वर्षांनी त्याच नगरात सिप्रियन व त्याचे सहकारी बिशप यांनी उलट निर्णय दिला : आठव्या दिवसाचीही वाट पाहू नये. ज्या ऑगस्टीनच्या मूळपापाच्या सिद्धान्तावर शिशुबाप्तिस्म्याची इमारत पुढे भक्कम झाली, त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा, आई मोनिका निष्ठावंत ख्रिस्ती असूनही, लहानपणी लांबणीवर पडला. तो इ. स. ३८७ मध्ये मिलान येथे झाला. तेव्हा ऑगस्टीन बत्तीस वर्षांचा होता.

लांबणीवर टाकणे हे आपोआप सद्‌गुण ठरते, असेही मी म्हणत नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३३७ मध्ये मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला. त्या काळी अनेकांचा हिशेब असा असे की, सगळी पापे शेवटी एकदमच धुऊन घ्यावी. ही दिरंगाई सोयीची होती, श्रद्धेची नव्हे.

श्रद्धेसाठी दिलेली किंमत पाहावयाची तर झुरिकला जावे लागते. २१ जानेवारी १५२५ रोजी तेथे काही मंडळींनी तान्हेपणीचा बाप्तिस्मा अपुरा मानून एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. पुढल्या वर्षी अशा कृत्यास बुडवून मारण्याची शिक्षा नगरसभेने ठरविली, आणि ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मांझ याला लिम्मात नदीत बुडविण्यात आले. पाण्याविषयीच्या मतभेदाला पाण्यानेच शिक्षा देणारे हे लोक रोमचे नव्हते, सुधारणावादी होते, हे विसरता कामा नये.

हा वाद आपल्या देशातही येऊन पोहोचला. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम येथे ज्या तरुण मिशनऱ्यांना दीक्षा मिळाली, त्यांत अडोनिराम जडसन होते, तसेच गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉटही होते. जडसन यांनी समुद्रप्रवासात या विषयाचा अभ्यास केला, त्यांचे मत पालटले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कलकत्त्यास त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाठविणाऱ्या मंडळाशी त्यांचे नाते त्यामुळे तुटले. हॉल व नॉट १८१३ मध्ये मुंबईस उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया पडला. त्यांच्या परंपरेत शिशुबाप्तिस्मा चालू राहिला. माझे चाळीस दिवसांचे कपाळ त्या परंपरेत ओले झाले.

आणि तरीही मराठी ख्रिस्ती समाज ज्यांच्या नावांनी ओळखला जातो, ते कोण? १८५४ मध्ये बेळगावी बाप्तिस्मा घेणारे बाबा पदमनजी. १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेणारे नारायण वामन टिळक. लक्ष्मीबाई टिळकांनी पतीच्या पाठोपाठ बाप्तिस्मा घेतला नाही. काही वर्षांनी, स्वतःची खात्री पटल्यावर घेतला. त्या खात्रीसाठी या माणसांनी आप्त, जात, वतन, सारे पणाला लावले. आम्ही त्यांची चित्रे भिंतीवर लावतो, आणि आमच्या मुलांना मात्र खात्री पटण्याची संधीच ठेवीत नाही.

याहून बोचणारी गोष्ट मुंबईच्या न्यायालयात घडली. १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनमधील धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाच्या बाप्तिस्म्यावरून खटला झाला, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलास स्वतःचा निर्णय घेता येतो, ही मिशनची बाजू टिकली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांच्या धाकट्या भावाची, श्रीपतीची, पाळी आली. तो सुमारे बारा वर्षांचा; त्यास तेवढी समज नाही असे ठरून न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्यास प्रायश्चित्त देववून जातीत घेण्याची खटपट केली, ती याच प्रकरणात. दुसऱ्याच्या मुलाला समज आहे की नाही, हे वर्षे मोजून न्यायासनासमोर सिद्ध करावे लागले. पण स्वतःच्या मुलांची वर्षे मोजण्याची गरज ना मिशनऱ्यांना वाटली, ना आम्हांला. बारा वर्षांचा श्रीपती लहान, तर चाळीस दिवसांचा मी कोण?

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप शास्त्राचा. प्रभूने बालकांना जवळ घेतले, आणि प्रेषितांच्या काळी घरेच्या घरे बाप्तिस्मा घेत, असे सांगतात. प्रभूने बालकांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला हे खरे. बाप्तिस्मा दिल्याचे तेथे लिहिलेले नाही. घराण्यांच्या वृत्तान्तात तान्ही मुले होती असे लिहिलेले नाही, नव्हती असेही नाही. फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या नायकाविषयी मात्र हे स्पष्ट आहे की, त्याच्या घरातील सर्वांना आधी वचन ऐकविण्यात आले.

दुसरा आक्षेप भयाचा : मूल दगावले तर? या भयानेच कित्येक आईबापांना शतकानुशतके देवळाकडे धावत नेले. परंतु रोमन कॅथॉलिक धर्मसभेच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविद्या आयोगानेही २००७ मध्ये असे प्रतिपादन केले की, बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या अर्भकांच्या तारणाची आशा बाळगण्यास आधार आहे. जो देव अर्भकाला पाण्याच्या अभावी दूर लोटील, त्याच्या नावाने शपथ तरी कशाला घ्यावी?

तिसरा आक्षेप माझ्या आईचा, आणि तो सर्वांत कठीण आहे. ती म्हणते, "बंगाल्यांच्या मुलखात राहून पोरीला मराठी शिकवलीस, ते काय तिला विचारून?" नाही विचारले. परप्रांतात मुलांना मराठी शिकविणारा कोणीही आईबाप ते विचारीत नाही, आणि विचारू नये. पण भाषा ही देणगी आहे, शपथ नव्हे. मुलीला मी प्रार्थना शिकविली आहे. रात्री ती मराठीतच म्हणते. उपासनेला ती आमच्याबरोबर येते. मला जे देता येते ते सारे मी तिला देत आहे. तिच्या तोंडचे उत्तर तेवढे मी देणार नाही.

चौथा आक्षेप असा की, वय वाढले म्हणून श्रद्धा खरी ठरत नाही. हे मात्र मी मान्य करतो, आणि त्यासाठी पंडिता रमाबाईंचेच उदाहरण देतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ मध्ये त्यांनीच लिहिले की, त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले : आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, पण ख्रिस्त लाभला नाही. परंतु स्वतःच्या बाप्तिस्म्याचा असा जमाखर्च त्या मांडू शकल्या, कारण तो निर्णय त्यांचा होता. त्याच दिवशी त्यांच्या मांडीवरच्या अडीच वर्षांच्या मनोरमेलाही बाप्तिस्मा देण्यात आला. पुढे तिच्या धर्मशिक्षणावरून आई आणि वाँटेजच्या भगिनी यांच्यांत दीर्घ पत्रव्यवहार झाला. त्या वादात सर्वांची मते आहेत. ज्या बालिकेविषयी तो होता, तिचे मत नाही.

दृढीकरण ही नवी सहीच नव्हे काय, असे कोणी म्हणेल. असती तर मी हा लेख लिहिला नसता. माझ्या वेळी वर्गातील आम्हां सर्वांचे दृढीकरण एकाच सकाळी उरकले. "तुला हे नको असेल तर?" असा प्रश्न एकालाही विचारला गेला नाही. तेथे होकार ठरलेला होता. आम्ही तो फक्त वाचून दाखविला. सज्ञानाची सही अशी गठ्ठ्याने घेतली जात नाही.

मग त्या स्नेह्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी पुन्हा पाण्यात का उतरत नाही? कारण कचेरीने मला एक भेद शिकविला आहे : जे अनियमित असते, ते सर्व रद्दबातल नसते. माझ्या आईबापांनी माझ्यासाठी केलेली शपथ त्यांच्यापुरती सच्ची होती. पुढे कोणी न विचारता, एका वाईट वर्षात, ती मी माझी केली. तिच्यावर काट मारून नवी नोंद करणे म्हणजे त्यांना खोटे ठरविणे होय. ते माझ्याने होणार नाही.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास स्थापन झाली, तेव्हा तीत बॅप्टिस्टही आले आणि शिशुबाप्तिस्मा देणारेही. दोन्ही पद्धती तिने ग्राह्य धरल्या. म्हणजे नियम माझ्या आड येत नाही, रिवाज येतो. तेव्हा पाळकांजवळ माझे मागणे फार मोठे नाही. मूल घेऊन येणाऱ्या आईबापांना दोन्ही वाटा आहेत, हे आधी सांगा. थांबणाऱ्यांच्या मुलासाठी आशीर्वादाची प्रार्थना करा आणि त्याला बिनबाप्तिस्म्याचे म्हणून वेगळे लेखू नका.

वय किती, असा आकडा मात्र माझ्याजवळ मागू नये. ज्या दिवशी माझ्या मुलीला 'नाही' म्हणता येईल, आणि ते 'नाही' आम्ही न रागावता ऐकून घेऊ शकू, त्या दिवसानंतरचा तिचा होकार मी खरा मानीन. त्यातला अर्धा भाग तिच्या वयाचा आहे, उरलेला आमच्या.

आईला मी हे सारे कळविले. ती म्हणाली, "आणि तोवर मी नसले तर?" या प्रश्नाला तर्तुल्यनापाशी उत्तर नाही, माझ्यापाशीही नाही. पण तिच्या समाधानासाठी मुलीच्या तोंडात शब्द घालण्यास माझा हात अजून धजत नाही.