पंधरा दिवसांनंतर कोण?

मैत्रिणींनो, आज थोडे कडक लिहिणार आहे.

डोक्याला मार लागलेला किंवा पक्षाघात झालेला माणूस घरी आला की भेटायला येणारे म्हणतात, "जीव वाचला, यातच सगळे आले." सगळे नाही आले. महिन्याभरात घराला कळते की परत आलेला माणूस पूर्वीचा नाही. चालतो, जेवतो, दिसायला धडधाकट. पण गॅसवर दूध ठेवून विसरतो, किराणावाल्याला दोनदा पैसे देतो, मुलांच्या गोंगाटाने भडकतो, सांगितल्याशिवाय अंघोळीलाही उठत नाही. लोक म्हणतात, आळशी झाला. हा आळस नव्हे. मेंदूचा पुढचा भाग दुखावला की काम सुरू करण्याची प्रेरणाच हरवू शकते.

आता सरकारी हिशेब पाहा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत ४,४३,३६६ माणसे जखमी झाली. २०२५ च्या योजनेत अपघातग्रस्ताला दीड लाखापर्यंत विनारोकड उपचार मिळतात, पण अपघातापासून सात दिवसच. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे, पण घरी सोडल्यानंतरचा खर्च पंधरा दिवसांपुरता. मेंदू मात्र पंधरा दिवसांत सावरत नाही. पहिले काही महिने सुधारणा वेगाने होते, पुढे हळूहळू वर्षानुवर्षे शिकणे चालते. शिकवणारा असेल तर!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मेंदूच्या इजेला त्यात स्वतंत्र नाव नाही. हात-पाय लुळे पडले तर एका रकान्यात, बोलणे गेले तर दुसऱ्या. विस्मरण आणि बदललेला स्वभाव घेऊन जाणाऱ्याला मात्र या खिडकीवरून त्या खिडकीवर जावे लागते.

मग उरलेले सगळे कोणावर? घरातल्या बाईवर. बायको, आई, सून. आणि तिला आपण काय देतो? "सेवा कर, पुण्य लागेल." माझा राग या वाक्यावर आहे. वैयावृत्त्य हे आपल्याकडे अंतरंग तप मानले आहे, आणि ज्यांची सेवा करायची त्या दहांत 'ग्लान', म्हणजे आजारी, आहेच. पण मुनींच्या आजारपणात सारा संघ धावतो. गृहस्थाच्या घरात तेच तप एका बाईच्या गळ्यात बांधून बाकीचे मोकळे होतात. एकटीवर लादलेले ओझे आणि स्वेच्छेने केलेले तप यांत फरक आहे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कुटुंब आहे, केंद्रे कशाला? कुटुंब माया देते, पण पुनर्वसन हे शिकून करायचे काम आहे. स्मरण दुखावलेल्या माणसाला दवाखान्यात शिकवलेले घरच्या स्वयंपाकघरात आठवतेच असे नाही. म्हणून ज्या ओट्यावर चहा करायचा तिथेच शिकवावे लागते. भिंतीवर पायऱ्यांची यादी, डब्यांवर मोठी नावे, औषधासाठी मोबाईलचा गजर, बाजारापर्यंत रोज तोच रस्ता. हे दाखवायला प्रशिक्षित माणूस दारी यायला हवा, आणि आठवड्यातून काही तास त्या बाईला सुट्टी मिळायला हवी.

हे परवडणार नाही असे म्हणू नका. केरळने २००८ मध्ये उपशामक काळजीचे धोरण आणले. तिथे पंचायतींच्या मदतीने परिचारिका आणि स्वयंसेवक खिळलेल्या रुग्णांच्या घरी जातात. जे तिथे होते ते आपल्या तालुक्यात का होऊ नये?

म्हणून मागणी स्पष्ट आहे. कायद्याच्या यादीत मेंदूच्या इजेला नाव द्या. पंधरा दिवसांची मर्यादा या रुग्णांसाठी निदान वर्षभर करा. प्रत्येक तालुक्यात घरी जाणारा थेरपिस्ट नेमा. आणि आपण? समाजाची मंगल कार्यालये मुहूर्त नसलेल्या दिवशी बंदच असतात. तिथे आठवड्यातून दोन दुपारी अशा माणसांसाठी दिवसकेंद्र चालू शकते. जागा आहे, पंखे आहेत, स्वयंपाकघरही आहे.

पुढच्या बैठकीत विश्वस्तांपुढे हा विषय काढा. आणि कोणी "घरची बाई आहे ना" म्हणाले, तर त्यांनाच विचारा: भाऊ, आठवड्यातली कोणती दुपार तुम्ही देता?